हिंगोलीच्या मांडवातली लहानी

मोहनसिंगची जीप अंगणात थांबली तेव्हा अंजलीचे आजोबा, म्हणजे आमचे मालक, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन वर्षं ते असेच पडून असत. आजार काही नव्हता. कळमनुरीच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा धडधाकट म्हणून घरी पाठवलं. झालं होतं ते एवढंच की आमच्या गावचं गजीनाचाचं मंडळ मोडलं. जुने गडी एकेक करून गेले, तरण्या पोरांनी जत्रेला डीजे आणला. ज्यांच्या ढोलावर चाळीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं फेर धरून नाचली, त्यांनी ढोल खुंटीला टांगला आणि स्वतः बाजेवर आडवे झाले. बकऱ्या मी आणि आमचा लेक हनुमान बघायचो. हे जेवायला उठत आणि परत भिंतीकडे वळत. डोळ्यांसमोर माणूस विझत चाललेला बघणं फार वाईट असतं.

मोहनसिंगचं नांदेडला वाद्यांचं दुकान. तो आमच्याकडून ढोलाची कातडी आणि तात न्यायचा. तात म्हणजे बकरीच्या आतड्याची पीळ दिलेली दोरी. पूर्वी ती कापूस पिंजायच्या धनुकलीला लागायची. मला ती करायला कळमनुरीच्या एका पिंजारणीनंच शिकवलं होतं. आता धनुकल्या गेल्या. देवीचं चौंडकं वाजवणारे तेवढे तात घेतात. म्हणून जाडीला तीन-चार तऱ्हांच्या लडी मी घरात करून ठेवायची.

त्या दिवशी जीपमधून त्यानं एक लहानसं वाद्य काढलं आणि अंजलीच्या हातात दिलं. अंजली म्हणजे हनुमानची लेक, तेव्हा तेरा वर्षांची.

"गिटारचं पिल्लू हाय का हे?" तिनं विचारलं.

"युकुलेले म्हणतात याला," मोहनसिंग म्हणाला. "समुद्रापल्याडच्या बेटांवरचं वाद्य. चार तारा, त्या बी नायलॉनच्या. बोटं कापत न्हाईत. मुंबईत पोरं वाजवून राहिलीत म्हणे, म्हणून एक मागवलं होतं. गाडीत उन्हात राहिलं आन् पोट फाटलं त्याचं. खेळायला ठेव."

अंजलीनं तारा छेडल्या. पोटाची फळी उभी चिरलेली, त्यामुळे नुसतं फसफस वाजलं. आम्ही हसलो. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"फळी काहून लावली त्याला? कातडं लावायचं."

आम्ही सगळे बाजेकडे वळलो. एवढे शब्द एका दमात त्यांनी कितीतरी महिन्यांत काढले नव्हते.

"काका, याला कातडं कुणी लावत न्हाई," मोहनसिंग हळूच म्हणाला.

"म्हणूनच असं रडून राहिलंय ते," हे म्हणाले, आणि उठून बसले. "आण इकडं."

ही दोन हजार सात सालची, पाडव्यानंतरची गोष्ट. त्या दिवसापासून आमच्या अंगणाचा कारखाना झाला. यांनी त्या वाद्याची मान अलगद सोडवून घेतली आणि पोट टाकून दिलं. पोटाच्या जागी कडू भोपळा आला. पहिला भोपळा कापतानाच फुटला. दुसऱ्याला बारीक पोखर निघाली. तिसरा शेजारच्या केळीच्या मळ्याच्या कुंपणावरून आणला, तो टिकला. करडाचं कातडं चुन्यात भिजवून, केस काढून, खरडून पातळ केलं. घोंगडीला आम्ही चिंचोक्याची खळ देतो, त्याच खळीनं ते भोपळ्याच्या तोंडावर चिकटवलं आणि वरून बांबूच्या बारीक खिळ्या मारल्या. तारा खालच्या बाजूला एका खुंटीला बांधल्या. मधे कातड्यावर बाभळीची इवली घोडी ठेवली, तिच्यावर तारा टेकल्या.

दिवसातून दहा वेळा भांडण व्हायचं.

"अगं ए, भाकरी राहू दे, हे धर."

"दोन वर्षं भाकरीसाठीच उठत होतात. आता राहू दे व्हय?"

"तोंड न्हाई, हात चालव."

भांडणाचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आणि वाजलं कसं म्हणता! चार नायलॉनच्या तारा, पण आवाज थेट कातड्यातून उसळायचा. त्यात अंजलीनं एक भलतंच शोधून काढलं. ती अंगठ्यानं तारा छेडायची आणि उरलेल्या बोटांनी घोडीच्या बाजूला कातड्यावर थाप द्यायची. तार आणि ढोल एकाच हातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजोबा उठून उभेच राहिले. "आता ही लेक कुणाची सांग," ते मला म्हणाले. "ढोलाचीच लहानी लेक ही." तेव्हापासून त्या वाद्याचं नाव लहानी पडलं.

दसऱ्याला मोहनसिंग आला, त्यानं ऐकलं आणि चहा तसाच ठेवून बोलत सुटला. "काका, दिवाळीनंतर हिंगोलीत वाद्यवाल्यांचं प्रदर्शन भरून राहिलं. नांदेड, अकोला, हैदराबाद, सगळीकडचे दुकानदार येणार. शेवटच्या दिवशी नवी वाद्यं मंचावर वाजवून दाखवायची. हैदराबादचे एक कारखानदार येतात, पसंत पडलं तर बनवायला घेतात. माझ्या टेबलाचा अर्धा भाग तुमचा!"

हे रात्रंदिवस त्याच नादात राहिले. मी मात्र मनातून भ्याले होते. मांडवात लोक हसले, भोपळ्याला नावं ठेवली, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवील. आणि या खेपेला त्याला उठवायला कुठली जीप येणार नाही.

दिवाळीनंतरचा आठवडा होता, पण दोन दिवस आभाळ भरून आलेलं. डोंगरकड्याहून एसटी धरली. यांनी लहानीला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. वारंगा फाट्याला गर्दी चढली. कंडक्टर वाकून म्हणाला, "बाबा, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा. हवा लागू द्या."

"हिला हवाच लागू द्यायची न्हाई," हे म्हणाले. "सर्द पडंल."

"किती दिवसाची हाय?"

"सात महिन्याची."

अंजली खिडकीकडे तोंड करून एवढी हसली की तिला ठसका लागला.

मैदानावरच्या मांडवात पाऊल टाकलं आणि मी जागीच थबकले. इतकी वाद्यं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. एकीकडे हार्मोनियम, एकीकडे तबले, टांगलेल्या गिटारी, आणि मधोमध एक लांब टेबल, त्यावर नुसती युकुलेली! पाटी मी अक्षर अक्षर लावून वाचली. साक्षरतेच्या वर्गात बसले तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. जोडाक्षराला अजून अडखळते, पण ह्या शब्दात एकही जोडाक्षर नव्हतं. "यु-कु-ले-ले," मी मोठ्यानं वाचलं. टेबलावरचा विक्रेता खूश होऊन पुढे आला.

"बघा आजी, सगळी नवी मॉडेलं. हे पोपटी, प्लास्टिकचं. पाण्यात पडलं तरी बिघडत नाही."

"विहिरीत सोडून वाजवायचं का?" यांनी विचारलं.

"हे बघा, अननसाच्या आकाराचं. हे आठ तारांचं, दोन-दोनच्या जोड्या. आणि ह्याला वायर लागते. पोटात यंत्र आहे, सरळ स्पीकरला जोडायचं."

त्यानं ते स्पीकरला जोडून एकदा छेडलं आणि सगळा मांडव दणाणला. हे दचकले, मग वाकून त्याच्या पोटातल्या भोकात एक डोळा लावून बघू लागले. आठ तारांच्या वाद्याची मान त्यांनी बोटांनी मोजली. पोपटी उचलून त्याचं वजन हातात तोललं. जत्रेत लेकरू जसं या पाळण्यापासून त्या पाळण्याकडे पळतं तसं त्यांचं चाललं होतं. अंजली त्यांचा सदरा धरून मागं मागं. मध्येच मला म्हणाले, "चांगुणे, जग किती पुढं गेलंय बघ, आन् मी भिंतीकडं बघत पडलो!" त्यांचे डोळे असे चमकत होते की मला आभाळाचं भानच राहिलं नाही.

मंचावर जायच्या आधी एक कागद भरून द्यायचा होता. मॉडेलचं नाव. मी लिहिलं, लहानी. बनवणाऱ्याचं नाव. मी सावकाश गिरवून लिहिलं, ज्ञानबा. मांडवातला माणूस म्हणाला, "आजी, वाचून दाखवा, मला माइकवर सांगायचंय."

"पहिलं सांगते, लहानी. दुसरं तुमीच वाचा," मी म्हणाले.

"का बरं?"

"मालकाचं नाव हाय. तोंडानं घेत न्हाई. लिहिलंय की."

तो हसला. आमचा नंबर सातवा होता. पाचव्या नंबरचा माणूस मंचावर चढला तेव्हा अंजलीनं लहानीला घोंगडीतून काढलं, तार छेडली आणि तिचा चेहरा उतरला. ढप्प असा आवाज आला, जणू ओल्या पोत्यावर काठी मारावी. दोन दिवसांची ओली हवा, मांडवात पाणी मारलेली जमीन. करडाचं कातडं सैल पडलं होतं.

"आबा, आता?"

"घाबरू नको. एवढंच ना," हे म्हणाले.

ढोल सैल पडला की ढोल्या काय करतो? गवत पेटवतो आणि कातडं शेकतो. चाळीस वर्षं जत्रेजत्रेत यांनी तेच केलं होतं. मांडवामागं वाद्यांच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या, त्यात वाद्यं बसवायचं वाळलं गवत. यांनी मूठभर ओढलं, काडी लावली आणि लहानी जाळावर उपडी धरली. कातडं तडतडत ताणू लागलं. यांनी बोटानं टिचकी मारली. टण्ण! "बघ," ते म्हणाले.

आणि त्याच क्षणी चारही तारा केसासारख्या आक्रसल्या, वळल्या आणि फट् फट् तुटल्या. ढोलाला नायलॉन नसतं. चाळीस वर्षांच्या हातांना ते कसं माहीत असणार?

राखणदार ओरडत आला. "ओ बाबा! मांडव पेटवता का?" मी पायानं जाळ विझवला. मोहनसिंग पळत आला, त्यानं लहानीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तुझ्याकडं तारा हायेत ना?" मी विचारलं.

"हायेत, पण गिटारच्या, लोखंडी. त्या ताणल्या तर मान मोडंल हिची. थांबा, त्या टेबलवाल्याला विचारतो." तो गेला आणि तसाच परत आला. "सुट्या तारा आणल्याच न्हाईत म्हणतो. मॉडेलवरच्या काढून देत न्हाई."

माइकवरून सहाव्या नंबरचं नाव पुकारलं गेलं.

यांनी लहानी अंजलीच्या हातात दिली. एका पेटीवर बसले. मग हळूहळू वळून मांडवाच्या पडद्याकडे तोंड करून बसले. तीच पाठ. दोन वर्षं मी जी पाठ बघितली होती तीच. मला असा राग आला की काय सांगू.

"इकडं बघा," मी म्हणाले. "पडद्यावर काय लिहिलंय का? मी या वयात वाचायला शिकले, तिथं काही दिसत न्हाई मला."

मी गाठोडं सोडलं. मोहनसिंगच्या टेबलावर चौंडकंवाले येतील म्हणून तातीच्या लडी आणल्या होत्या. जाड, मध्यम, बारीक, आणि एक अगदी दोऱ्यासारखी. ती मी हौसेनं काढली होती, लोकरीच्या टकळीवर पीळ देऊन. चारही यांच्या मांडीवर टाकल्या.

"तात?" मोहनसिंग म्हणाला. "काकू, युकुलेलेला बकरीची तात?"

"कातडं बकरीचं. मग तारेनं काहून लाजायचं?"

यांनी बारीक लड उचलली, उजेडाकडं धरली, दोन बोटांत फिरवली. मग माझ्याकडं बघितलं. "एवढी बारीक कवा काढली?"

"तुमी भिंत बघत होतात तवा."

ते ताडकन उठले. मग काय विचारता! यांनी खालच्या खुंटीला गाठी मारायच्या, मी टोक तोंडात ओलं करून पुढं द्यायचं, मोहनसिंगनं वरच्या खुंट्या पिळायच्या आणि अंजलीनं कान लावून सूर सांगायचा. "चढव, चढव, आजून, बस! न्हाई, उतरली." नवी तात ताण पडला की लांबते. चढवावी तोवर उतरते. मंचावर सहावा नंबर हार्मोनियम वाजवत होता आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, वाजव रे बाबा, आजून एक कडवं वाजव.

"नंबर सात. लहानी. बनवणारे, ज्ञानबा."

अंजली मंचावर चढली तेव्हा तिसरी तात अजून उतरत होती. ती माइकसमोर बसली, खुंटी पिळली, परत पिळली. पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "भोपळा आहे की काय?" हशा पिकला. मी यांचा हात घट्ट धरला. चारचौघांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता.

मग तिनं छेडलं.

नायलॉनचा आवाज पाण्यासारखा होता. हा मातीसारखा. भरीव, जरा खरबरीत, आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. तिनं गजीची चाल धरली, आधी संथ, तारेवर. मग बोटं कातड्यावर पडली. धिम्, धिम्, तार, धिम्. शेकलेलं कातडं असं बोलत होतं की वाटावं आत ढोल्या बसलाय. चाल चढली. मध्येच तिसरी तात पुन्हा उतरली. पोरीनं न थांबता डाव्या हातानं खुंटी पिळली आणि उजव्या हातानं नुसत्या कातड्यावर ठेका चालू ठेवला, सूर लागला की परत तारेवर. लोकांना वाटलं, वाजवायची रीतच ही. टाळ्या पडू लागल्या, त्याही ठेक्यावर. मागं उभे असलेले दोन-चार हमाल पाय आपटू लागले. वायरवाल्या युकुलेलेचा विक्रेता टेबल सोडून पुढं आला. माझ्या शेजारी हे उभ्या जागी डोलत होते, आणि त्यांचा उजवा हात हवेत न दिसणाऱ्या ढोलावर पडत होता.

झालं तेव्हा मांडव उठून उभा होता.

हैदराबादचे कारखानदार स्वतः आमच्याकडं आले. जाड चष्मा, पांढरी दाढी. त्यांनी लहानी हातात घेतली, कातड्यावर टिचकी मारली, भोपळ्याला कान लावला.

"आवाज जबरदस्त है," ते म्हणाले. मग कातडं अंगठ्यानं दाबून बघितलं. "लेकिन बाबा, बारिश में ये चमडा ढीला पडेगा. दुकान में टंगे-टंगे पडेगा. हम तो मांडव के पीछे तुम्हारी आग भी देखे. गिराईक आग कहाँ जलाएगा? ऐसा बाजा मैं नहीं ले सकता."

आजूबाजूचे हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. यांच्या तोंडावरचा उजेड मावळला.

कारखानदारांनी तातीवर बोट फिरवलं. "और ये तार? कौन-सी कंपनी की?"

"कंपनी आमच्या गोठ्यात हाय," मी म्हणाले.

मोहनसिंगनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि तात कशाची ते त्यांना सांगितलं. नायलॉन सगळ्यांकडं एकसारखं, हा आवाज कोणाकडं नाही, असं मोहनसिंगला म्हणाले. चार जाड्यांचे दहा संच नमुन्याला पाठवा, असं सांगून वही पुढं केली, बनवणाऱ्याचं नाव लिहा म्हणून. मी चांगुणाबाई असं लिहिलं. जोडाक्षर नाही त्यात, चुकायची भीती नव्हती. जाताना ते यांच्याकडं वळले. "बाबा, ढीलेपन का इलाज मिले तो अगले साल आना. मैं जरूर देखूँगा."

परतीच्या एसटीत अंजली आणि मोहनसिंगची बडबड थांबत नव्हती. त्याची जीप माल भरून पुढं गेली होती, म्हणून तो वारंग्यापर्यंत आमच्यासोबतच आला. हे मात्र खिडकीकडं तोंड करून बसले होते. कळमनुरी गेली, बाळापूर गेलं, तरी मान वळली नाही. मला दहा संच सांगितले होते, आणि यांचा भोपळा परत आला होता. मला माझा आनंद तोंडावर आणायची चोरी झाली. घरी आल्यावर ते जेवले आणि बाजेवर आडवे झाले. भिंतीकडं तोंड करून. मी दिवा मालवला.

सकाळी बकऱ्यांच्या ओरडण्यानं जाग आली. चहा घेऊन बाहेर आले तर अंगणात बाज उलटी पडलेली. चारही पाय आभाळाकडं. हे तिच्याशेजारी उकिडवे बसून विणलेली सुतळी सोडवत होते, अर्धी बाज रिकामी झाली होती. खुंटीवरचा ढोलही खाली काढून शेजारी ठेवलेला.

"हे काय करून राहिलात?"

"ढोलाकडं बघ," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "दोन कातडी, मधी दोरी, दोरीवर कड्या. कडी सरकवली की कातडं ताठ. शेकायचं ते ढोलाचं जाड कातडं लई भिजलं तर, हिच्या पातळ कातड्याला आग न्हाई, ऊन न्हाई. मग लहानीला दोरी काहून लावली न्हाई मी? चाळीस वर्षं डोळ्यासमोर होती. भोपळ्याच्या पाठीवर कडं बसवायचं, तिथून तोंडापर्यंत बारीक दोरी, आठ कड्या. पाऊस पडू दे न्हाई तर गारा. गिराईकानं बोटानं कडी सरकवायची."

"व्हय, पण बाजेची सुतळी? झोपाल कशावर?"

"झोपायचं कुणाला हाय?"

त्यांनी सुतळीचं सुटलेलं टोक माझ्याकडं फेकलं. "धर. लई जाड हाय ही. उलगडून बारीक पिळायची. तुझ्यासारखा पीळ मला देता येत न्हाई."

"आधी चहा प्या," मी म्हणाले.

"गार झाला तरी चालंल. धर तू."

मी चहा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि टोक धरलं.